खाऱ्या वाऱ्यात निक्सी पेटवताना

अगं पोरी, निक्सी नळ्यांचं घड्याळ करायला घेतलंस, छान! १२ व्होल्टचे १८० करणारं सर्किट कागदावर सोपंच दिसतं, पण कागदाला अलिबागचा पावसाळा माहीत नसतो. म्हणून चार गोष्टी ऐक.

१. नळ्या लावायच्या आधी सप्लायवर १२ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडून तासभर चालव — सहा आयएन-१४ नळ्या मिळून घेतील तेवढाच, साधारण १५ मिलिअँपिअरचा भार तो घेतो. मांडव्याची लाँच पकडून लॅमिंग्टन रोडला गेलीस की रेझिस्टर पसाभर मिळतील. आयएन-१४ नळी मात्र आता कुठे बनत नाही, म्हणून आधी रेझिस्टरवरच परीक्षा घे.

२. कॉइल घेताना आधी सॅच्युरेशन करंट वाच, आणि मॉसफेट, कपॅसिटर २५० व्होल्टच्या खालचे नकोत — बेताने घेतलं, ते जिवावर बेतलं.

३. डायोड यूएफ४००४सारखा चपळ हवा, डब्यात पडलेला १एन४००७ नको — व्होल्टेज तो सोसतो, पण वेळेवर बंद होत नाही नि तापत बसतो.

४. फीडबॅकचा वरचा रेझिस्टर एक न घेता दोन सिरीजमध्ये घे — पाव वॉटच्या रेझिस्टरची मर्यादा बहुधा २५० व्होल्टच असते. तो तुटला तर सप्लायच्या चिपला वाटतं आउटपुट शून्य आहे, आणि ती बापडी व्होल्टेज चढवतच राहते.

५. सोल्डरिंग झालं की फ्लक्स आयसोप्रॉपिल अल्कोहोलने घासून काढ, बोर्ड कडकडीत वाळव, मगच वॉर्निश मार — फ्लक्सवर मीठ नि ओल बसली की फीडबॅकच्या त्या वरच्या रेझिस्टरच्या कडेने करंटला चोरवाट मिळते, व्होल्टेज उतरतं आणि आकडे मिणमिणतात. जूनमध्ये असं झालं तर चिपला शिव्या घालू नकोस, आधी बोर्ड पूस. बोंबील असो की बोर्ड, वाळल्याशिवाय डब्यात घालू नये.

६. कॉइल, मॉसफेट, डायोड खेटून ठेव, ट्रॅक आखूड — नाहीतर शेजारच्या रेडिओत खरखर. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४मध्ये इथे आली; तुझ्या घड्याळापायी तिला पुन्हा बिऱ्हाड हलवायला लावू नकोस!

७. दर नळीला वेगळा ॲनोड रेझिस्टर, १५ ते २२ किलोओहम — पेटलेल्या नळीवर १४० व्होल्टच उरतात, मग सामायिक रेझिस्टरवर तिची शेजारीण पेटत नाही.

८. आउटपुटवर ४७० किलोओहमचा ब्लीडर कायमचा ठेव — लाइट जाणार, आणि अंधारात तू बोर्डाला हात लावणारच, ओळखते मी तुला. तरी मीटर लावून शून्य बघ, मगच बोट.