निवासी डॉक्टर आणि तालुक्याचा रुग्ण

गिरणाकाठच्या भडगाव तालुक्यातील मधुमेही शेतकऱ्याला डॉक्टरांकडून काय हवे असते? रोगाचे नाव त्याला बहुधा ठाऊक असते. कापूस वेचणीच्या घाईत बंद पडलेल्या गोळ्या पुन्हा कोणी सुरू करावयाच्या आणि पायाची चिघळणारी जखम वेळीच कोणी पाहावयाची, हा त्याचा खरा प्रश्न. वैद्यकशास्त्रात एम.डी. करणाऱ्या निवासी डॉक्टरांचे शिक्षण मात्र मुख्यतः मोठ्या रुग्णालयातील खाटेभोवती होते. तेथे रुग्ण अत्यवस्थ होऊन येतो आणि उतार पडताच दृष्टीआड होतो.

ही उणीव जुनीच आहे. भोर समितीने १९४६ मध्येच भावी डॉक्टरांना प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचविले होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा आरोग्य व्यवस्थेत काम करण्याची अट घातली गेली ती २०२० च्या नियमांनी.

हे तीन महिने जिल्हा रुग्णालयातील गर्दी आवरण्यातच गेले, तर निवासी डॉक्टर फारसे नवे शिकणार नाहीत. मनुष्यबळाची तात्पुरती सोय तेवढी होईल. आशा कार्यकर्ती गावात घरोघर फिरून तिशी ओलांडलेल्यांच्या आरोग्याची माहिती नोंदविते. त्या नोंदी घेऊन निवासी डॉक्टरांनी तिच्यासमवेत बसावे. गेल्या महिन्यात औषध न्यावयास कोण आले नाही आणि का, हे तिला बहुधा ठाऊक असते.