शिकाऊ उमेदवारी : कोठे शोधावी व अर्ज कसा करावा

पदवीचा निकाल लागला म्हणजे शिक्षण संपले, आता नोकरीच शोधावयाची, असा समज आपल्या खेड्यांतून पुष्कळ ठिकाणी आढळतो. नोकरी देणारा मात्र प्रथम विचारतो तो कामाचा अनुभव. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, अशा पेचात मुलाची किंवा मुलीची उमेदीची दोन-तीन वर्षे निघून जातात. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही. ह्या पेचातून बाहेर पडण्याचा रीतसर मार्ग म्हणजे शिकाऊ उमेदवारी होय. जाणत्याच्या हाताखाली उमेदवारी करून कसब शिकण्याची रीत आपल्या सुतार-लोहारांत जुनीच आहे. तीच रीत आता कायद्याने बांधलेली असून शिकणाऱ्यास दरमहा विद्यावेतनही मिळते.

उमेदवारीचे प्रकार

१. अभ्यासक्रमातील उमेदवारी : राहुरी (१९६८), अकोला (१९६९), दापोली व परभणी (१९७२) ह्या चार कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांत पदवीच्या शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभव हा भाग असतो. विद्यार्थी गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम करतो, तसेच शेतमालाशी संबंधित उद्योगातही काही काळ शिकतो. ह्या मुदतीकडे केवळ गुणांसाठी पाहू नये. ज्या कारखान्यात किंवा केंद्रात पुढे काम करण्याची इच्छा आहे, तेथेच जाण्याची परवानगी प्राध्यापकांकडे वेळेवर मागावी.

२. कायद्याखालील उमेदवारी : शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ साली संमत झाला. २०१४ च्या दुरुस्तीने त्यात कला, वाणिज्य, विज्ञान आदी शाखांच्या पदवीधरांनाही वाव मिळाला. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्याच वर्षी किमान विद्यावेतन पदवीधरास दरमहा ९,००० रुपये, पदविकाधारकास ८,००० रुपये व बारावी उत्तीर्णास ७,००० रुपये असे ठरविण्यात आले. हे दर वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज करताना चालू दर पाहून घ्यावा.

३. शासनाच्या विशेष योजना : महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तीत १८ ते ३५ वर्षे वयाच्या उमेदवारांना सहा महिन्यांसाठी शिक्षणाप्रमाणे ६,०००, ८,००० व १०,००० रुपये विद्यावेतन ठेवण्यात आले होते. त्याच वर्षी केंद्र शासनाने पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा पहिला टप्पा सुरू केला. त्यात २१ ते २४ वर्षांच्या तरुणांसाठी मोठ्या कंपन्यांत बारा महिन्यांची सोय व दरमहा ५,००० रुपये अशी योजना होती. चालू वर्षाच्या अटी अर्जापूर्वी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचाराव्यात.

कोठे शोधावी

पदवीधर व पदविकाधारकांनी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेच्या शासकीय संकेतस्थळावर नाव नोंदवावे. पश्चिम विभागासाठी तिचे मंडळ मुंबईस आहे. उत्तीर्ण होऊन पाच वर्षे लोटली की ह्या योजनेचे दार बंद होते, हे ध्यानात ठेवावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्यांनी आपल्या संस्थेतच चौकशी करावी.

परंतु केवळ नाव नोंदवून स्वस्थ बसणे योग्य नव्हे. आपल्या तालुक्याच्या परिसरातील साखर कारखाना, दूध संघ, जिनिंग कारखाना, शीतगृह, बियाणे व ठिबक संचाच्या कंपन्या, शेतकरी उत्पादक कंपनी ह्यांची यादी करावी. कृषी विषयाच्या विद्यार्थ्यांनी कृषी विज्ञान केंद्रे, मांजरीचे वसंतदादा साखर संस्थान, राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन केंद्र, सोलापूरचे डाळिंब संशोधन केंद्र, नागपूरचे कापूस संशोधन केंद्र अशा संस्थांकडेही विचारणा करावी. निकालाची वाट न पाहता शेवटच्या सत्रातच ही यादी तयार ठेवणे इष्ट.

अर्ज कसा करावा

अर्ज एका पानाचा असावा. त्यात तीन गोष्टी याव्यात : आपण काय शिकलो, हाताने काय केले आणि ह्याच ठिकाणी का यावयाचे आहे. एकच मजकूर पन्नास ठिकाणी धाडण्यापेक्षा, माहिती काढून लिहिलेले पाच अर्ज अधिक उपयोगी पडतात.

शेतकऱ्याच्या मुलास वाटते की आपल्यापाशी लिहिण्यासारखे काही नाही. हा गैरसमज आहे. "मी मेहनती व होतकरू आहे" ह्या वाक्याने वाचणाऱ्यास काहीच कळत नाही. त्याऐवजी पुढील नमुना पाहावा :

"घरच्या दोन एकर द्राक्षबागेच्या फवारणीची नोंदवही मी दोन हंगाम ठेवली आहे. औषध, मात्रा, तारीख व काढणीपूर्वीचे दिवस ह्यांची नोंद त्यात आहे. आपल्या प्रतवारी केंद्रात मालाची तपासणी कशी होते, हे मला शिकावयाचे आहे. मी १ जुलैपासून हजर राहू शकतो."

अर्थात जे केले तेच लिहावे. मुलाखतीत दोन प्रश्न विचारताच खोटे उघडे पडते.

कागदपत्रांत गुणपत्रके, आधार, छायाचित्र व बँकेचे पासबुक लागते. शासनाचा विद्यावेतनातील वाटा थेट खात्यात जमा होतो; म्हणून खाते आधारशी जोडलेले असावे. गुणपत्रकावर एक नाव, आधारावर दुसरे व पासबुकावर तिसरे, असे असल्यास पैसे अडकतात. ही दुरुस्ती अर्जाआधी करून घ्यावी. अर्ज पाठविल्यावर आठ-दहा दिवसांनी एकदा नम्रपणे विचारणा करावी.

करार वाचूनच सही करावी

उमेदवार रुजू होताना लेखी करार होतो व त्याची नोंदणी होते. नोंदणी नसेल तर मुदत संपल्यावर कायद्याखालील प्रमाणपत्र मिळत नाही. करारात मुदत, विद्यावेतन व शिकविण्याचे काम स्पष्ट असावे. विद्यावेतन नगावर देता येत नाही. कामावर इजा झाल्यास नुकसानभरपाईची तरतूद कायद्यात आहे. मात्र शिकाऊ उमेदवार हा कामगार मानला जात नाही आणि मुदतीनंतर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. ही गोष्ट आधीच समजून घेतल्यास पुढे निराशा होत नाही.

नोंदणीसाठी शासनाच्या संकेतस्थळावर शुल्क नाही. "अनामत भरा, जागा पक्की करतो" असे सांगणाऱ्या मध्यस्थास एक पैसाही देऊ नये. मूळ गुणपत्रके कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. दाखवून परत घ्यावीत.

घरचा हिशेब

मुलास शहरात पाठविण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी त्याच्यासह हिशेब मांडावा. समजा, विद्यावेतन ९,००० रुपये आहे. खोलीभाडे २,५००, खानावळ ३,५०० व जाण्यायेण्याचा खर्च १,००० धरल्यास २,००० रुपये उरतात. खोलीभाडे ५,००० असेल तर महिन्याला ५०० रुपये घरून घालावे लागतील. शिवाय पहिले विद्यावेतन महिना भरल्यावरच मिळते व त्यासही कधी उशीर होतो. म्हणून दीड-दोन महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय निघू नये. त्यासाठी सावकाराचे दार तर मुळीच गाठू नये. हिशेब बसत नसेल तर घरून जाऊन-येऊन करता येईल असे जवळचे ठिकाण निवडावे. मुलींच्या बाबतीत राहण्याची सोय आधी प्रत्यक्ष पाहून घ्यावी, पण केवळ अंतराच्या भीतीने त्यांची संधी दवडू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

१. गावातील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी व गेल्या पाच वर्षांत उत्तीर्ण झालेले तरुण-तरुणी ह्यांची यादी करावी.

२. महिन्यातील एक दिवस ठरवून ग्रामपंचायतीत नोंदणीस मदत करावी व नव्या जागांची माहिती फलकावर लावावी.

३. सही करण्यापूर्वी करार उमेदवार व पालक ह्यांच्यासमोर वाचून दाखवावा.

४. उमेदवारी पुरी करून आलेल्यास गावात बोलावून त्याचा अनुभव इतरांना ऐकवावा.

उमेदवारीचे वर्ष पुरे करणाऱ्यापाशी प्रमाणपत्र, कामाची ओळख व शिस्तीची सवय ह्या तीन गोष्टी जमा होतात. त्यातून कोणी नोकरीस लागेल. कोणी प्रतवारी, शीतगृह किंवा ठिबक दुरुस्तीचे ज्ञान घेऊन गावीच धंदा उभारील. दोन्ही गोष्टी घराच्या फायद्याच्याच आहेत. पाच वर्षांची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. ज्या घरात पदवीधर बसून आहे, त्या घराने ह्याच आठवड्यात कागदपत्रे काढून नावांची पडताळणी करावी व पहिला अर्ज लिहावा.