लोणार क्षेत्र : लवणासुराची कथा व क्षाराचा उद्योग

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे प्राचीन तीर्थक्षेत्र पुराणांत ‘विरजक्षेत्र’ या नावाने ओळखले जाते. येथे उन्मत्त झालेल्या लवणासुराचा भगवान विष्णूंनी दैत्यसूदन रूपाने वध केला, अशी कथा आहे. सरोवराचे पाणी म्हणजे त्या असुराचे रक्त व त्यातील क्षार म्हणजे त्याचे मांस, असे जुने लोक सांगत. ‘लवण’ म्हणजे मीठ. ज्या क्षारावर गावाने पिढ्यान्‌पिढ्या उदरनिर्वाह केला, त्याची आठवण या कथेत जपली गेली आहे.

क्षाराचा उद्योग

सरोवरात येणारे पाणी गोडे असले, तरी त्यास बाहेर पडण्यास वाट नाही. उन्हाळ्यात पाणी आटे व काठावरील चिखलावर पांढरा थर साचे. ग्रामस्थ तो खरवडून, वाळवून, प्रतवारी करून विकत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी या प्रकारांची नावे होती. कपडे धुण्यास, कापड रंगविण्यास, पापडात घालण्यास आणि काचेच्या बांगड्या करण्यास हा क्षार उपयोगी पडे. सोडा मिसळल्याने वाळू कमी उष्णतेत वितळते, हे त्या कारागिरांना अनुभवाने ठाऊक होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल यानेही ‘ऐन-ए-अकबरी’त मेहकरजवळच्या या भागात काच व साबण यांस लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद केली आहे. पुढे कारखान्यांतील सोडा सर्वत्र मिळू लागला आणि हा व्यवसाय मागे पडला.

विज्ञानाची दृष्टी

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. ते ज्वालामुखीचे असावे, असा समज दीर्घकाळ होता. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते उल्कापातातून निर्माण झाल्याचे सिद्ध केले. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. हा परिसर २००० साली अभयारण्य घोषित झाला व २०२० साली सरोवरास ‘रामसर’ पाणस्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जून महिन्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झाले होते.

भाविकांस नम्र विनंती

विवराच्या कडेवरील धारेचे पवित्र पाणी अखेर सरोवरासच मिळते. धारेवर वापरलेला साबण आणि पाण्यात सोडलेले निर्माल्य तेथेच साठून राहते, कारण त्यासही बाहेर पडण्यास वाट नाही. ज्या क्षाराने या गावास नाव व अन्न दिले, त्याचे वैशिष्ट्य टिकविणे आता सर्वांच्या हाती आहे. म्हणून धारेवर साबण वापरू नये, निर्माल्य पाण्यात टाकू नये आणि कमळजादेवीच्या दर्शनास उतरताना प्लास्टिक सोबत नेऊ नये. देवदर्शनाइतकीच ही सेवाही पुण्यप्रद आहे.