दोघा भावांमधली बहीण

अगं, काल फोनवर तू रडायलाच लागलीस, म्हणून आज निवांत लिहायला बसले. थोरला म्हणतो, माझ्या नावाने हक्कसोडपत्र करून दे. धाकटा म्हणतो, त्याला सही दिलीस तर भाऊबीजेला माझ्या दारात येऊ नकोस. विहिरीच्या पाळीवरून निघालेलं भांडण बांधावर आलं आणि आता दोघंही तुलाच विचारतात, तू कोणाची? मी तुमची मावसबहीण, दोघांचंही ऐकून घेते. पण जीव तुटतो तो तुझ्यासाठी.

आपल्या पारनेरला पराशर ऋषींवरून नाव पडलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या पराशरांचा मुलगा व्यास आणि व्यासांचे धृतराष्ट्र आणि पांडू. म्हणजे कौरव-पांडव नात्याने पराशरांचे पणतूच की! व्यासांनी आपल्याच नातवांची भाऊबंदकी लिहिली आणि कुणा एकालाच सोवळं ठरवलं नाही. मला त्यांचं हेच फार मोठं वाटतं.

त्या घरातला विकर्ण आठव. दुर्योधनाचा सख्खा भाऊ, पण भर सभेत उठून बोलला की द्रौपदी जिंकलेली नाही. कर्णाने त्याला पोरकट म्हणून गप्प केलं. युद्धात तो भावाकडूनच लढला आणि भीमाच्या हातून गेला. मारल्यावर भीमालाही वाईट वाटलं. त्यांचाच सावत्र भाऊ युयुत्सू मात्र युद्धाच्या तोंडावर, दोन्ही सैन्यांच्या देखत पांडवांकडे गेला. त्याला कुणी फितूर म्हणो, मी म्हणणार नाही. त्याने चोरून काहीच केलं नाही.

पण बाई, तुझी खरी जागा दुःशलेची. शंभर भावांची एकुलती एक बहीण! तिच्या नवऱ्याने, जयद्रथाने, वनात द्रौपदीला पळवलं. पकडला गेला तेव्हा भीम त्याला मारायलाच उठला होता, पण दुःशलेकडे आणि गांधारीकडे बघून युधिष्ठिराने त्याला जिवंत सोडायला लावलं. पुढे अभिमन्यू गेल्यावर अर्जुनाने जयद्रथाला मारलंच. भाऊ गेले, नवरा गेला. मग अश्वमेधाचा घोडा सिंधुदेशात शिरला आणि तिथले सैनिक पुन्हा अर्जुनावर धावले. अर्जुन आला हे ऐकूनच तिच्या मुलाने, सुरथाने, प्राण सोडले होते. सुरथाचं तान्हं पोर घेऊन ती थेट रणात आली. तिला पाहताच अर्जुनाने गांडीव टाकलं. तिने जुना हिशेब काढला नाही, नातवासाठी अभय मागितलं. लढाई तिथेच थांबली.

तूही तेच कर. कोणाच्या बाजूची, हे सांगत बसू नकोस. एकाचा शब्द दुसऱ्याकडे नेऊ नकोस, वहिनींच्या कानावर तर मुळीच घालू नकोस. जे बोलायचं ते ओसरीवर, मावशीच्या समोर, दोघांना एकत्र बसवून बोल. धाकट्याची पाळी खरंच बुडवली जात असेल तर थोरल्याला तोंडावर सांग. चुलत भावंडांनी एकमेकांशी खेळायचं नाही असं दोघांच्या पोरांना बजावलंय म्हणे. ते मला सगळ्यात जास्त लागलं. दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही घरची पोरं तुझ्याकडे घेऊन जा.

आणि सहीचं नीट ऐक. 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. हक्कसोडपत्र एकदा दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की मागे घेणं फार अवघड. तुला तुझा हिस्सा सोडायचा असेल तर खुशाल सोड, पण वाटणी दोघांना पटल्यावर, आणि तुझ्या मनाने. भाऊबीज तुटेल या भीतीने अंगठासुद्धा उठवू नकोस.

रविवारी ये. येताना सातबारा आणि आठ-अ चे ताजे उतारे काढून आण. मी मावशीशी बोलून ठेवते.