हाताखालचे भाऊ

वुजू कशाने तुटतो, जकात कोणत्या मालावर लागू होते, प्रवासात नमाज किती रकअत अदा करावी, हे प्रश्न आपण आलिमांना आवर्जून विचारतो, आणि विचारलेच पाहिजेत. परंतु दुकानातील नोकराला आज ज्या शब्दांत खडसावले ते शब्द मला शोभणारे होते काय, असा प्रश्न घेऊन मशिदीत आलेला मनुष्य क्वचितच आढळतो. मशिदीच्या दाराशी चपला पायात घातल्या की दीन मागे राहिला आणि धंदा सुरू झाला, असाच जणू आपला समज आहे.

मअरूर नावाचे एक ताबिई रबजा या ठिकाणी ह. अबू जर गिफारी (रजि.) यांना भेटले. अबू जर (रजि.) यांच्या अंगावर जसे वस्त्र होते तसेच त्यांच्या गुलामाच्या अंगावरही होते. मअरूर यांना नवल वाटले व त्यांनी कारण विचारले. तेव्हा अबू जर (रजि.) यांनी स्वतःचीच चूक सांगितली. त्यांनी एकदा एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानी हे गेले, तेव्हा आपण (स.) त्यांना म्हणाले की तुमच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश शिल्लक आहे. अबू जर (रजि.) हे अगदी सुरुवातीच्या काळात इस्लाम स्वीकारणाऱ्यांपैकी होते, हे येथे लक्षात घ्यावे. त्यांच्या श्रद्धेविषयी कोणालाही शंका नव्हती. उणीव प्रकट झाली ती जिभेवर, आणि तीही दुबळ्या माणसाशी बोलताना.

त्यानंतर प्रेषितांनी (स.) सांगितले की हे तुमचे भाऊ आहेत, अल्लाहने त्यांना तुमच्या हाताखाली ठेवले आहे. अरबी शब्दांचा अर्थ अक्षरशः ‘हाताखाली’ असाच आहे. आपणही मराठीत ‘माझ्या हाताखाली चार माणसे आहेत’ असे म्हणतो. फरक एवढाच की आपण ते फुशारकीने म्हणतो, तर हदीसमध्ये ती सोपवलेली अमानत आहे. जे स्वतः खाता तेच त्यांना खाऊ घाला, जे स्वतः नेसता तेच त्यांना द्या, झेपणार नाही असे ओझे टाकू नका आणि टाकलेच तर त्यांना मदत करा, अशी ही शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नोंदलेली आहे.

शेवटच्या वाक्याकडे आपले लक्ष जात नाही. रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत शिंप्याच्या दुकानात डोकावून पाहा. मालकाने कारागिरांच्या आवाक्याबाहेर कपडे घेऊन ठेवलेले असतात, आणि चांदरातीपर्यंत ते शिवून व्हावेत म्हणून मुले सहरीपर्यंत मशीनवर वाकलेली असतात. मालक मात्र तरावीह आटोपून घरी झोपलेला असतो. हदीसनुसार त्याने एक तर वहीत मर्यादेपलीकडे नाव लिहू नये, किंवा लिहिले असेल तर काज-बटण करण्यासाठी स्वतः त्या मुलांशेजारी बसावे. माझ्या मते पहिलाच मार्ग बरा. गिऱ्हाईक परत पाठवण्यात नुकसान आहे, पण ते सोसवेल असे नुकसान आहे.

सूरह कससमध्ये मदयनच्या एका वृद्ध गृहस्थाचा वृत्तांत आहे. अनेक भाष्यकारांच्या मते ते ह. शुऐब (अलै.) होत. ह. मूसा (अलै.) यांना कामावर ठेवताना त्यांनी आठ वर्षांची मुदत ठरवली, दहा पूर्ण केलीत तर ती तुमच्या मर्जीची गोष्ट, आणि मी तुम्हाला कष्टात टाकू इच्छित नाही, असे आधीच स्पष्ट केले. मर्जीची दोन वर्षे मर्जीचीच राहिली, ती कराराच्या पोटात घुसवली गेली नाहीत. आपल्या देशात 1948 च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला 9 व आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली आणि त्यापुढील कामाला दुप्पट मोबदला ठरवला. तरीही भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर बारा तासांची पाळी कोणाला नवी नाही. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, जुमा अदा होतो. परंतु उरलेल्या सहा दिवसांचा हिशेबही द्यावाच लागणार आहे.

मजुरीच्या बाबतीत तर शब्द फार कडक आहेत. कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः ज्या तिघांविरुद्ध उभा राहील, त्यांपैकी एक म्हणजे मजुराकडून पुरेपूर काम घेऊन त्याची मजुरी न देणारा. मजुरी थकवून इफ्तारच्या पंगती उठवणाऱ्यांनी, उमऱ्याची तयारी करणाऱ्यांनी यावर विचार करावा. आणखी एक गोष्ट: थकलेली मजुरी जकातच्या रकमेतून चुकती करता येत नाही. ती त्याच्या हक्काची आहे, तिला दान म्हणणे हीच मुळी लबाडी.

पण कठोरपणा पैशातच असतो असे नाही. ह. अनस (रजि.) सुमारे दहा वर्षांचे असताना प्रेषितांच्या (स.) सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. या काळात प्रेषित (स.) त्यांना कधी ‘उफ’सुद्धा म्हणाले नाहीत. मुलाच्या चुका झाल्या नसतील असे नाही. एकदा कामावर पाठवलेले अनस बाजारात खेळणाऱ्या मुलांपाशी रेंगाळले. मागून कोणीतरी मान धरली, वळून पाहतात तो प्रेषित (स.) हसत उभे! लाडाने ‘उनैस’ अशी हाक मारून, सांगितले तेथे गेलास का, एवढेच विचारले. एक यहुदी मुलगाही प्रेषितांची (स.) सेवा करीत असे. तो आजारी पडला तेव्हा आपण (स.) त्याच्या घरी गेले. आपल्याकडे नोकर आजारी पडला की पहिला प्रश्न असतो, कामावर कधी येणार?

ही दया स्वतःच्या देहालाही लागू आहे. ह. अबू दर्दा (रजि.) दिवसा रोजे व रात्रभर नमाज असे करू लागले, तेव्हा ह. सलमान फारसी (रजि.) यांनी त्यांना जेवू घातले, झोपायला लावले आणि रात्रीच्या अखेरच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. पालनकर्त्याचा हक्क आहे, तसा तुमच्या देहाचा व घरच्यांचाही आहे, असे त्यांनी सांगितले, प्रेषितांनी (स.) त्यास दुजोरा दिला. इबादतीसाठीही देह झिजवण्याची मुभा नाही, तर जादा पाळीसाठी ती कोठून येणार? आखातात राबणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांनी व त्यांच्याकडे नव्या घराच्या स्लॅबचा तगादा लावणाऱ्या घरच्यांनी यावर जरूर बोलावे. सौदी अरबस्तान व संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर भर दुपारी उन्हातले काम बंद ठेवण्याचा नियम आहे. त्या विश्रांतीच्या वेळी दुसरे काम धरणे म्हणजे कमाई नव्हे.

भगिनींनो, घरातील स्वयंपाकघर हीसुद्धा कामाचीच जागा आहे. घरी काम करणाऱ्या बाईचा कप निराळा, ताटली निराळी, आणि ईदच्या दिवशी सर्वांचे उरकल्यावर उरलेली बिर्याणी! सेवकाने जेवण आणले तर त्याला सोबत बसवावे, ते जमले नाही तर निदान एक-दोन घास त्याच्या हातावर ठेवावेत, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. कारणही सोबतच दिले आहे: चुलीची धग त्यानेच सोसलेली असते.