घटक ४ : श्रम, ताण आणि ओवी

आपल्यापैकी बहुतेकजण नोकरी, शेती वा घरकाम सांभाळून अभ्यास करतात. कामाचा ताण कलेमुळे हलका होतो का, हा प्रश्न म्हणूनच आपल्या जवळचा आहे. ओवीच्या आधारे त्याचा विचार करू.

४.१ कलोपचार
‘आर्ट थेरपी’ ही संज्ञा ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये योजिली. क्षयाच्या आजारपणात चित्रे काढताना त्यांना दिलासा मिळाला होता. २०१६ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या गिरिजा कैमल व सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४५ मिनिटे कलानिर्मिती केल्यावर सुमारे ७५ टक्के व्यक्तींच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणसंप्रेरकाचे प्रमाण घटलेले आढळले.

४.२ ओवीचे कार्य
इ. स. ११२९ च्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे ओवीचे नाते प्रारंभापासून श्रमाशी आहे. जात्यावर बसलेल्या स्त्रीला ओवी दोन प्रकारे साहाय्य करते. पहिले, जात्याच्या फेऱ्याशी ओळीची लय जुळते आणि हात व श्वास एका तालात येतात. दुसरे, ‘बाई’, ‘सखे’ अशा संबोधनांमुळे एकटीच्या दुःखाला ऐकणारे मिळते. सासुरवासाविषयी एरवी उघड बोलता येत नसे. ओवीच्या रूढ साच्यात तेच बोल परंपरेचे ठरत. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने खेडोपाडी संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांतून या अभिव्यक्तीचा विस्तार लक्षात येतो.

४.३ मर्यादा
ओवीने दळणाचे कष्ट सुसह्य केले, कमी केले नाहीत. ते कमी केले पिठाच्या गिरणीने. मात्र जाते थांबले तेव्हा मन मोकळे करण्याची ती जागाही हरवली. यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कामाचे तास आणि मजुरी यांचे प्रश्न कलेवर सोपवू नयेत. आणि ते प्रश्न सुटले तरी व्यक्त होण्याची गरज संपत नाही.

४.४ स्वाध्याय
१. कुरुंदा (ता. वसमत, जि. हिंगोली) वा आपल्या गावातील एखाद्या वृद्ध स्त्रीकडून, तिच्या संमतीने, पाच ओव्या लिहून घ्या व त्यांतील संबोधने अधोरेखित करा.
२. स्वतःच्या कामाविषयी, कुणाला तरी संबोधून, दोन ओळींची एक ओवी रचा. ती कुणाला दाखविण्याचे बंधन नाही.