परिस्थिती आपल्या हाती नसते तेव्हा

वाचन: १ इतिहास २२:६-१६, प्रेषितांची कृत्ये १६:६-१०, रोमकरांस पत्र १५:२२-२९

आपल्या मंडळ्यांत असे कुटुंब क्वचितच आढळेल, की ज्यात कोणाची तरी मोठी इच्छा अपुरी राहिलेली नाही. कोणा मुलीचा वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेश थोडक्या गुणांनी हुकतो. कोणा तरुणाला वडिलांच्या आजारपणामुळे शिक्षण सोडून नोकरी धरावी लागते. कोणाची बदली दूरच्या प्रांती होते आणि वर्षानुवर्षे मनात जोपासलेले सेवेचे काम मागे राहते. कष्टांत कसूर नसते, प्रार्थनेतही नसते; तरीही दार उघडत नाही.

अशा वेळी आपल्याला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "हार मानू नकोस, जोर लाव." दुसरा म्हणतो, "देवाची इच्छा नव्हती, विसरून जा." दोन्ही सल्ले प्रेमाने दिलेले असतात आणि दोन्ही कधी कधी खरेही ठरतात. परंतु कोणता सल्ला केव्हा खरा, हे कळले नाही तर पहिल्याने मनुष्य थकून कडवट होतो आणि दुसऱ्याने आपल्या आळसाला देवाचे नाव देतो. या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. आरंभीच एक भेद ध्यानात घेऊ या. मनुष्याला जे साधायचे असते तो त्याचा हेतू, आणि ते साधण्यासाठी त्याने आखलेली वाट म्हणजे त्याचा बेत. पुष्कळदा आपण या दोहोंची गल्लत करतो, आणि बेत मोडला म्हणजे हेतूच संपला असे समजून बसतो.

इच्छा चांगली, तरी नकार

दावीद राजाच्या मनात देवासाठी मंदिर बांधावे असे आले. या इच्छेत स्वार्थ नव्हता. नाथान संदेष्ट्यानेही प्रथम तिला होकार दिला. परंतु त्याच रात्री देवाचे वचन त्याच्याकडे आले, आणि मंदिर दाविदाने नव्हे तर त्याच्या पुत्राने बांधावे असे ठरले (२ शमुवेल ७). दाविदाने पुष्कळ युद्धे केली होती व रक्त सांडले होते, हे त्याचे कारण त्याला सांगण्यात आले (१ इतिहास २२:८). ते कारण त्याच्या गतायुष्यातले होते, आणि गतायुष्य कोणालाही बदलता येत नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. शलमोनाने मंदिराच्या समर्पणाच्या वेळी सांगितले, की आपल्या पित्याच्या मनात ही इच्छा आली हे देवाने चांगलेच मानले होते (१ राजे ८:१८). म्हणजे नकार मिळाला म्हणून इच्छा वाईट ठरली नाही. ज्यांची चांगली इच्छा अपुरी राहिली आहे त्यांनी हे मनात ठेवावे. दार बंद झाले याचा अर्थ देव आपल्यावर रुष्ट झाला असा होतोच असे नाही.

मग दाविदाने काय केले? तो रुसून बसला नाही, आणि आज्ञा मोडून पाया खणायलाही लागला नाही. त्याने सोने, रुपे, पितळ, लोखंड, गंधसरूचे लाकूड आणि घडीव दगड यांचा साठा केला, कारागीर नेमले आणि मंदिराचा नमुना शलमोनाच्या हाती दिला (१ इतिहास २२ व २८). मंदिर जगात शलमोनाचे म्हणून ओळखले गेले. दाविदाने ते कधी पाहिले नाही. आपली महत्त्वाकांक्षा खरोखर कामासाठी आहे की नावासाठी, हे ओळखण्याची याहून सोपी कसोटी नाही: तेच काम दुसऱ्याच्या हातून होणार असेल, तर आपण त्याच्यासाठी सामान गोळा करू का?

सर्व अडथळे सारखे नसतात

प्रेषित पौलाचे बेत मोठे होते. रोमच्या मंडळीला त्याने कळवले, की तुमच्याकडे येण्याचे मी अनेकदा योजले, पण आजवर अडथळा आला. आता यरुशलेमेस मदत पोहोचवून मग तुमच्या मार्गे स्पेनला जाईन. प्रत्यक्षात यरुशलेमेत त्याला अटक झाली, कैसरियात दोन वर्षे बंदीत गेली, वाटेत तारू फुटले आणि रोमला तो पोहोचला तो कैदी म्हणून. प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक संपते तेव्हा तो भाड्याच्या घरात पहाऱ्याखाली आहे. स्पेन अजून दूरच आहे.

परंतु पौल प्रत्येक अडथळ्यापुढे सारखाच वागला नाही. आशियात वचन सांगण्यास व बिथुनियात जाण्यास पवित्र आत्म्याने मना केले, तेव्हा त्याने हट्ट धरला नाही. तो त्रोवसला उतरला, आणि तेथे मासेदोनियाची वाट त्याला दिसली.

अन्यायापुढे मात्र तो गप्प बसला नाही. फिलिप्पैत चौकशीवाचून फटके मारून अधिकारी गुपचूप सोडू पाहत होते, तेव्हा त्याने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले. यरुशलेमेत फटके बसण्यापूर्वीच त्याने तोच हक्क सांगितला. फेस्तापुढे त्याने कैसराकडे दाद मागितली. या शेवटच्या निर्णयाची त्याला किंमतही द्यावी लागली, कारण दाद मागितली नसती तर सुटका होऊ शकली असती असे अग्रिप्पा राजाचे मत पडले (कृत्ये २६:३२). योग्य प्रयत्नालाही हमखास यश येतेच असे नाही. शिवाय एक वाट त्याच्यासमोर मोकळी होती. फेलिक्स सुभेदार त्याच्याकडून पैशाची आशा धरून होता (कृत्ये २४:२६). पौल बंदीतच राहिला. परिस्थिती हाताबाहेर गेली म्हणून कोणतीही वाट चालते, असे त्याने मानले नाही.

तिसरा अडथळा त्याच्या देहातील काट्याचा. त्याविषयी त्याने तीनदा प्रार्थना केली. उत्तर मिळाले, पण काटा निघाला नाही. कृपा पुरेशी असल्याचे वचन मिळाले (२ करिंथ १२:७-९). तेव्हा त्याने तो काटा स्वीकारला, आणि काम चालू ठेवले. म्हणून आपणही आधी विचारावे: माझ्यापुढील अडथळा कोणत्या जातीचा आहे? देवाने वाट वळवली आहे काय? माणसाने अन्याय केला आहे काय? की ही देहाची अथवा कुटुंबाची अशी मर्यादा आहे, जी प्रार्थना व उपचार करूनही राहणार आहे? पहिल्यात वळावे, दुसऱ्यात न्याय्य मार्गाने दाद मागावी, तिसऱ्यात मर्यादेसह काम करण्यास शिकावे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे नाव आपल्याला परिचित आहे. परंतु त्यांच्या एका मोडलेल्या बेताचा विचार आपण फारसा करीत नाही. आईवडील दुष्काळात गेले, १८८० साली भाऊ गेला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही गेले. पदरी लहानगी मनोरमा होती. त्याच वर्षी पुण्यात शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी या देशात स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर हव्यात, असे आग्रहाने मांडले. पुढच्या वर्षी त्या स्वतःच वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या.

तेथे त्यांचा बेत मोडला. कानांनी ऐकू येणे कमी होत चालले होते, आणि त्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचे दार बंद झाले. हा अडथळा कोणाच्या अन्यायाचा नव्हता. दाद मागावी असे कोणी समोर नव्हते. रमाबाईंचा हेतू केवळ डॉक्टर होण्याचा असता, तर तो तेथेच संपला असता. परंतु निराधार स्त्रियांना आधार मिळावा हा त्यांचा हेतू होता, आणि त्याला दुसरी वाट असू शकत होती. त्यांनी चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवले व स्वतःही अध्ययन केले. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथील शाळा व बालशिक्षणाच्या पद्धती त्यांनी अभ्यासल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, ते या शिदोरीवर. डॉक्टर होण्याचे राहिले. शिक्षिका व्हायचे झाले.

पुढेही वाट सरळ नव्हती. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून अनेक पालकांनी आपल्या मुली सदनातून काढून घेतल्या. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगाव येथे मुक्तीचे कार्य उभे राहिले. अखेरच्या पर्वात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. मंद झालेले कान या कामाच्या आड येणारे नव्हते.

तरी त्यांच्या चरित्रातून "प्रत्येक बंद दारामागे अधिक चांगले दार असते" असा सोपा धडा काढू नये. पुढे मुक्तीचे काम सांभाळील अशी जिच्याविषयी आशा होती, ती मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. या वियोगाची भरपाई करणारे दुसरे दार कोठे उघडले, असे म्हणता येत नाही. रमाबाईंनी भाषांतर पूर्ण केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. दुःखाचा अर्थ उलगडला म्हणून त्या काम करीत राहिल्या असे नव्हे. काम समोर होते आणि ते ज्याने सोपवले त्याच्यावर त्यांचा भरवसा होता.

आपण काय करावे?

प्रथम, आपला हेतू एका वाक्यात लिहून काढावा, आणि त्याखाली आपला बेत लिहावा. "रुग्णांची सेवा करावी" हा हेतू आहे. "अमुक महाविद्यालयातून अमुक पदवी घ्यावी" हा बेत आहे. परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ हेही त्याच रुग्णाची सेवा करतात.

दुसरे, अडथळ्याची जात ओळखावी. त्यासाठी एकट्याच्या मनावर विसंबू नये. निराशेत प्रत्येक दार कायमचे बंद दिसते, आणि हट्टात प्रत्येक भिंत दारासारखी भासते. मंडळीतील वडीलधाऱ्या, समजूतदार व्यक्तीशी मोकळेपणाने बोलावे.

तिसरे, पालकांनी आपला अपुरा राहिलेला बेत मुलांच्या माथी मारू नये. दाविदाने शलमोनाला साहित्य दिले, नमुना दिला, आशीर्वाद दिला. पण तसे करण्याची आज्ञा देवाकडून होती. आपल्या मुलांना देवाने काय नेमून दिले आहे, हे त्यांच्याबरोबर बसून ऐकावे.

चौथे, आज जे हाताशी आहे ते नीट करावे. पौलाने पहाऱ्यातील घरात येणाऱ्या सर्वांचे स्वागत केले आणि त्यांना वचन सांगितले. तेवढेच त्याला शक्य होते, आणि तेवढे त्याने पूर्ण केले.

वाचकहो, उद्याविषयी बोलताना प्रभूची इच्छा असेल तर, असे म्हणण्यास याकोब आपल्याला शिकवतो (याकोब ४:१३-१५). तो बेत करण्यास मनाई करीत नाही. बेत जरूर करावा, त्यासाठी झटावेही. मात्र तो बदलण्याचा अधिकार प्रभूकडे राहू द्यावा.

चिंतनासाठी प्रश्न

१. दाविदाची इच्छा चांगली असूनही तिला नकार मिळाला. यावरून आपल्या अपुऱ्या इच्छांविषयी काय शिकावे?

२. पौलाने कोणत्या अडथळ्यापुढे मान तुकवली, व कोणत्या वेळी हक्क सांगितला? का?

३. तुमच्या सध्याच्या अडचणीत मोडला आहे तो बेत की हेतू?

४. तुमचे अपुरे काम पुढे नेऊ शकेल अशी कोणती व्यक्ती तुमच्या मंडळीत आहे? तिच्यासाठी तुम्ही कोणते साहित्य गोळा करू शकाल?